टायर बदलले, ॲव्हरेज पडले: दोष नेमका कशाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की नाशिकच्या सातपूर, अंबड आणि द्वारका परिसरातल्या टायरच्या दुकानांत फोर बाय फोर गाड्यांची रांग लागते. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडच्या वाटा चिखलाने भरणार, म्हणून कंपनीचे टायर काढून मोठ्या मापाचे, जाड नक्षीचे टायर चढवले जातात. महिनाभराने तीच गाडी परत येते आणि मालकाचे एकच म्हणणे असते, ॲव्हरेज दोनने पडले. दुकानदार चालवण्याला दोष देतो, मेकॅनिक इंजेक्टर तपासू म्हणतो, मित्र सांगतात की एमटी (चिखलासाठीचे जाड नक्षीचे टायर) घातल्यावर हे होणारच. मोजून कोणी बघत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की ही 'दोनची' घट एका कारणाने आलेली नसते. तिच्यातला काही भाग खोटा असतो, काही भाग फुकटच्या हवेने भरून निघतो आणि उरतो तो टायरचा खरा खर्च. हे तीन भाग वेगळे केल्याशिवाय पंचवीस-पंचवीस हजारांचे निर्णय घेऊ नयेत.

आधी खोटा भाग. गाडीचा ओडोमीटर अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठे झाले की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते, मीटरला मात्र ते कळत नाही. थारच्या १६ इंची रिमवर २४५/७५ आर १६ हे कंपनीचे माप, त्याचा व्यास ७७४ मिलिमीटर. त्या जागी लोक २६५/७५ आर १६ बसवतात, त्याचा व्यास ८०४. फरक जवळपास चार टक्के. म्हणजे गाडी प्रत्यक्षात लिटरला १३ देत असली तरी मीटरवरून काढलेला हिशेब १२.५ च्या आसपास येईल. डिझेल थेंबभरही जास्त जळलेले नाही, तरी अर्धा किलोमीटर 'गेला'. जिम्नीवर तर हा फरक आणखी मोठा दिसतो. तिचे मूळ माप १९५/८० आर १५, व्यास ६९३. त्यावर २३५/७५ आर १५ घातला की व्यास ७३३ वर जातो, म्हणजे पावणेसहा टक्क्यांहून जास्त. लिटरला १४ देणारी गाडी १३.२ दाखवू लागते. डॅशबोर्डवर आपोआप दिसणारे ॲव्हरेजही याच फेऱ्यांवरून काढलेले असते, त्यामुळे तो आकडाही तितकाच चुकतो.

यात आणखी एक भर असते, तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. काढलेले टायर घासलेले असतात. नक्षी चार मिलिमीटर घासली की व्यास आठ मिलिमीटरने, म्हणजे सुमारे एक टक्क्याने कमी होतो आणि मीटर तेवढे अंतर जास्त दाखवत असतो. शिवाय घासलेला टायर नव्यापेक्षा हलका लोळतो, कारण दबणारे रबरच कमी राहिलेले असते. नव्या टायरची तुलना आपण अशा टायरशी करतो, ज्याने शेवटच्या काही हजार किलोमीटरांत खोटे चांगले ॲव्हरेज दाखवले. तोच टायर, तेच माप, तीच कंपनी पुन्हा घेतली असती तरी ॲव्हरेज थोडे पडलेच असते.

म्हणून मोजायचे असेल तर असे मोजावे. टायर बदलण्याआधी महामार्गावर ट्रिपमीटर शून्य करावा आणि फोनच्या जीपीएसवर ५० किलोमीटर होईपर्यंत जावे. ट्रिपमीटर ५०.५ दाखवत असेल तर तो एक टक्का जास्त सांगतो. नवे टायर बसवल्यावर हेच पुन्हा करावे. आता मीटर ४८.२ दाखवत असेल तर यापुढे मीटरच्या आकड्याला १.०३७ ने गुणायचे. टाकी एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पहिल्यांदा कट झाला तिथेच थांबून भरावी. वरून 'राउंड फिगर' करू नये. निदान तीन टाक्यांची सरासरी काढावी. एका टाकीचा आकडा काहीच सांगत नाही.

नाशिककरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपले शहर समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंचीवर आहे. १,८०० किलोची गाडी मुंबईहून इथवर चढवायला, इंजिनाची तीस टक्के कार्यक्षमता धरली तर, नुसत्या चढाचे सुमारे एक लिटर डिझेल लागते. त्यातले अर्धे एकट्या कसारा घाटात जाते. मग मुंबईला जाताना १४ आणि येताना १२ पडले तर त्यात टायरचा काही संबंध नाही. नवे टायर घालून पहिली सफर मुंबईहून परत येण्याची असेल तर टायर बदनाम, जाण्याची असेल तर टायर झकास! हिशेब जाऊन-येऊनच धरला पाहिजे.

आता खरा खर्च. टायर जमिनीला लागतो तिथे रबर दर फेऱ्यात दबते आणि सुटते. दबताना घातलेली ताकद सुटताना पूर्ण परत मिळत नाही, उरलेली उष्णता होऊन जाते. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. रबर जितके जाड, मऊ आणि सुटे, तितका तोटा जास्त. रस्त्याच्या एचटी टायरची नक्षी नवी असताना आठ-नऊ मिलिमीटर खोल असते, रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठी असलेल्या एटीची दहा ते बारा, आणि एमटीची, ज्याला आपल्याकडे बटण टायर म्हणतात, चौदा-पंधरापर्यंत. एमटीचे मोठे मोठे ठोकळे एकमेकांपासून सुटे असतात. प्रत्येक ठोकळा डांबरावर टेकला की वाकतो, उचलला की झटकन सरळ होतो. त्या टायरचा जो घोंगावणारा आवाज येतो, तोही याच ठोकळ्यांच्या आपटण्याचा.

आकड्यांत सांगायचे तर १,८०० किलोच्या गाडीला चांगला एचटी टायर साधारण १८ किलोची ओढ लावतो. म्हणजे सपाट रस्त्यावर कोणी मागून सतत १८ किलोने खेचावे तसे. जाड एमटीला हीच ओढ २७ किलोपर्यंत जाऊ शकते. ही जादा नऊ किलोची ओढ शंभर किलोमीटर वाहायला पाऊण लिटरहून थोडे जास्त, ०.८ लिटर डिझेल लागते. लिटरला १३ देणारी गाडी त्यामुळे पावणेबाराच्या आसपास येते. साधा, बंद नक्षीचा (ठोकळे जवळजवळ असलेला) एटी घातला तर ओढ दोन-तीन किलोनेच वाढते आणि १३ चे साडेबारा ते पावणेतेरा होतात. बहुतेक गाडीमालकांना एटी आणि एमटी यांत फरक दिसण्याचाच वाटतो. पण एचटीवरून एटीवर जाणे ही छोटी पायरी आहे, एटीवरून एमटीवर जाणे ही मोठी.

रुपयांत: वर्षाला १५,००० किलोमीटर आणि डिझेल लिटरला ९० रुपये धरले तर एमटीचा हा जादा खर्च वर्षाला १०,८०० रुपये होतो. टायर ५०,००० किलोमीटर चालले तर ३६,०००. एमटी डांबरावर तेवढे चालत नाही ही गोष्ट निराळीच. त्याचे ठोकळे एका कडेने घासून करवतीसारखे होतात आणि आवाज आणखी वाढतो.

वजनाबद्दल एक समज पक्का बसला आहे, की चाकावरचा एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो. हे खरे नाही. फिरणाऱ्या टायरचे वजन वेग घेताना जास्तीत जास्त दुप्पट मोजले जाते. दहा प्लायचा (दहा थरांच्या ताकदीचा) जाड एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या बांधणीचा टायर मूळ टायरपेक्षा सहा-सात किलोने जड असतो. चार टायरचे २८ किलो, दुप्पट धरून ५६. म्हणजे एक माणूस जास्त बसवल्यासारखे. द्वारका ते सीबीएस दर सिग्नलला थांबत जाताना याचा थोडा फटका बसतो, समृद्धीवर एका वेगाने जाताना जवळपास नाही. जड टायरचा खरा त्रास ब्रेक, बेअरिंग, बॉल जॉइंट आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना होतो, कारण स्टेपनीही तेवढीच जड झालेली असते. डिझेल खाते ते रबराचे दबणे.

आणि ते दबणे हवेच्या हातात आहे. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच.

दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा मूळ टायरसाठी असते. एलटी टायरची बांधणी वेगळी असते. तेवढेच वजन पेलायला त्याला जास्त हवा लागते. लोक स्टिकर बघून तीच हवा मारतात. टायर वरून फुगलेला दिसतो, कारण साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, जाड असते, पण आत तो वाकत असतो, तापत असतो आणि डिझेल खात असतो. किती हवा योग्य हे खडूने कळते. स्टिकरपेक्षा चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) जास्त हवा भरा, टायरच्या नक्षीवर आडवी जाड खडूची रेघ ओढा आणि सिमेंटच्या सपाट रस्त्यावर सरळ दोनशे मीटर गाडी चालवा. रेघ सगळ्या रुंदीत सारखी पुसली तर हवा बरोबर. फक्त मधली पुसली तर जास्त, फक्त कडांची पुसली तर कमी. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी हे वेगवेगळे करावे, कारण डिझेल इंजिनाचे वजन पुढे असते. साइडवॉलवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडू नये.

हवा मोजायची ती थंड टायरची. तापमान पाच-सहा अंशांनी बदलले की साधारण एक पीएसआयचा फरक पडतो. डिसेंबरच्या पहाटे निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आलेला असताना आणि दुपारी तीस असताना त्याच टायरमध्ये चार-पाच पीएसआयचा फरक असतो. दुपारी, वीस किलोमीटर चालून आल्यावर पंपावर हवा 'बरोबर' केली तर सकाळी ती कमीच भरणार. हवा सरासरी एक पीएसआय कमी असली तर इंधन ०.२ टक्के जास्त जाते असे मानले जाते. ऐकायला किरकोळ वाटते. पण आठ-दहा पीएसआय कमी असलेल्या गाड्या आम्ही रोज बघतो, आणि तिथे तोटा याच प्रमाणात राहत नाही, जास्त वाढतो.

चिखलात हवा उतरवणे बरोबरच आहे. ३२ वरून १८-२० वर आणली की टायर जमिनीवर लांब पसरतो आणि साधा एटीही अशा ठिकाणी निघतो जिथे पूर्ण हवेचा एमटी रुतेल. वेग मात्र तासाला पंचवीस-तीसच्या आत ठेवावा. हरिहर, अंजनेरीच्या पायथ्यांसारख्या वाटांवर काळा पाषाण धारदार असतो. तिथे साध्या साइडवॉलचा टायर २२ च्या खाली नेऊ नये. साइडवॉल फाटली तर पंक्चर निघत नाही, टायर टाकावा लागतो. अडचण हवा उतरवण्यात नसते, ती परत न भरण्यात असते. त्र्यंबकहून तीस किलोमीटर तसेच घरी यायचे, सोमवारी तसेच कामावर जायचे, 'रविवारी बघू' म्हणायचे. पहिल्या तीस किलोमीटरांचा डिझेलचा तोटा फार नाही हे खरे. पण तेवढ्यातच महामार्गाच्या वेगाला साइडवॉल आतून भाजून निघते, आणि आठवडाभर तसेच फिरले तर एटीचे ॲव्हरेज एमटीच्या पंक्तीला जाऊन बसते. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर एका टायरला तीन-चार मिनिटे घेतो. पाव तासात चारही टायर होतात. बटण टायरवर पैसे घालण्याआधी हा कॉम्प्रेसर आणि एक चांगला गेज घ्यावा.

मग एमटी कोणी घ्यावा? सिन्नर, निफाडकडच्या काळ्या मातीत ज्याला पावसाळ्यात रोज शिवारात जायचे आहे, त्याने. काळी माती एटीच्या बारीक खाचांत भरते, दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. एमटीच्या रुंद खाचांतून ती चाक फिरले की उडून जाते. तिथे एमटीचे वर्षाचे दहा हजार हा वाजवी खर्च आहे, कारण ट्रॅक्टर बोलावून गाडी ओढून काढणेही फुकट नसते. पण ज्याची गाडी वर्षात १५,००० पैकी तीनशे किलोमीटर चिखलात जाते, तो उरलेल्या १४,७०० किलोमीटरांवर त्या तीनशेचे भाडे भरत असतो. त्याने कंपनीच्याच मापाचा, बंद नक्षीचा एटी घ्यावा. दगडाळ वाटा जास्त असतील तर एटीच, पण एलटी बांधणीचा.

रुंदीचा सोसही तपासून पाहावा. वरचा चिखल पातळ आणि खाली कडक मुरूम असेल तर अरुंद टायर चिखल कापून कडक जमिनीपर्यंत पोहोचतो. जुन्या जीपना ६.०० - १६ चे सडपातळ टायर होते आणि त्या घाटमाथ्यावरच्या पावसात चालत होत्या. रुंद टायर अशा ठिकाणी वर तरंगतो आणि घसरतो. डांबरावर तो समोरून जास्त वारा अडवतो, आणि टायर मावावा म्हणून गाडी उचलून घेतली की पोटाखालचा वाराही वाढतो. मोठ्या व्यासामुळे गिअर लांब होतात. चार टक्के व्यास वाढला की चाकापाशी ओढण्याची ताकद तेवढीच घटते. सपाटीला ते चालून जाते. कसारा चढताना मात्र पूर्वी चौथ्यात निघणारी गाडी तिसऱ्यात घ्यावी लागते.

फक्त मागे दोन एमटी घालून पुढे जुने ठेवायचे, हा काटकसरीचा उपाय आम्ही करू नका म्हणून सांगतो. नव्या एमटीची १४ मिलिमीटर आणि जुन्या टायरची ४ मिलिमीटर नक्षी यांत व्यासाचा फरक २० मिलिमीटर, म्हणजे अडीच टक्क्यांचा होतो. टू-व्हीलमध्ये, म्हणजे दोनच चाकांना ताकद जात असताना, हे खपते. फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाचा गिअर) टाकले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने बांधले जातात, चाके वेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि सगळी ओढाताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीवर येते. चारही टायर सारखे असले तरी कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून ठेवू नये. वळणावर तेच होते आणि इंधनही जाते. पाचही टायर दर आठ-दहा हजार किलोमीटरांना आलटून पालटून लावले तर घासणे सारखे राहते. टायर बदलताना टो-इन तपासून घ्यावे. चाके एकमेकांशी समांतर नसतील तर टायर सरळ लोळत नाही, थोडासा घासटत चालतो.

वेगाबद्दल थोडेच. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ८० वरून १२० वर गेलात की तो सव्वादोन पट होतो. समृद्धीवर १२० ने जाऊन आल्यावर टायरला बोल लावू नये. त्यातही मोठा टायर घातला असेल तर काटा १०० दाखवताना गाडी १०३-१०४ ने जात असते.

कायद्याचा भागही सांगायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला कंपनीच देते त्या मापापलीकडे गेलात तर अपघातानंतर विम्याचा प्रश्न निघू शकतो. दुकानात हे कोणी सांगत नाही.

याच कारणाने आपल्या पत्रातून दोन मागण्या मांडत आहोत. पहिली टायर विक्रेत्यांकडे. बिलावर मापासोबत जुन्या आणि नव्या टायरचा व्यास, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा), नव्या नक्षीची खोली आणि टायरचे वजन लिहून द्यावे. या चारही गोष्टी कंपनीच्या माहितीपत्रकात असतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन ज्या टायरवर आहे तो ग्राहकाला वेगळा दाखवावा. ज्यावर नाही, तिथे ग्राहकाने रोलिंग रेझिस्टन्स विचारावा. काही बटण टायर 'व्यावसायिक ऑफ-रोड' या वर्गात मोडतात आणि युरोपच्या इंधन-लेबलातून हा वर्ग वगळलेला आहे. त्यामुळे नुसते 'युरोपात विकला जातो' या शब्दावर विसंबू नये.

दुसरी मागणी पेट्रोल पंपांकडे. पंपावर हवा मोफत देणे बंधनकारक आहे. ती मिळते, पण गेजवर भरवसा ठेवता येत नाही. एकच टायर दोन पंपांवर मोजला तर तीन-चार पीएसआयचा फरक निघणे नेहमीचे झाले आहे. संबंधित खात्याने शहरातल्या पंपांवरचे हवेचे गेज ठरावीक मुदतीने तपासावेत आणि तपासल्याची तारीख गेजवर चिकटवावी. तोवर गाडीत स्वतःचा गेज ठेवावा आणि हवा सकाळी, गाडी दारातून हलण्याआधी मोजावी.

आपले,
टायर व सस्पेन्शनच्या कामातले काही जण,
सातपूर, नाशिक